कंबरदुखीवरचा फिजिओ गावातल्या आरोग्य केंद्रात बसला पाहिजे

गोव्यात कुणालाही विचारा, कंबर धरली की काय करता, तर उत्तरं ठरलेली आहेत. आधी फार्मसीतून गोळी आणि स्प्रे, मग कुणीतरी सांगितलेला चोळणारा, मग दोन-चार दिवस आडवं पडणं, मग एक्स-रे, मग एमआरआय, आणि तो मोठा लिफाफा काखेत घेऊन पणजीला नाहीतर मडगावला स्पेशालिस्टकडे. फिजिओथेरपी या सगळ्याच्या शेवटी येते, म्हणजे बाकी सगळीकडे पैसे गेले, सहा-आठ महिने गेले, माणूस वाकायलाच घाबरायला लागला की मग कुणीतरी म्हणतं, जरा फिजिओ करून बघा ना. ही रांग उलटी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती उलटी आहे ती लोकांना अक्कल नाही म्हणून नाही, तर पहिल्या नंबरवर जो माणूस भेटायला पाहिजे तो जवळपास, परवडेल अशा पैशात आणि कामावरून सुटल्यावरच्या वेळेत भेटतच नाही म्हणून आहे.

हे दुखणं छोटं नाही. २०२० मध्ये जगात साधारण ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे, आणि जिवावर न बेतता माणसाला वर्षानुवर्षं अडवून ठेवणाऱ्या आजारांमध्ये जगभर ती पहिल्या नंबरावर आहे. डायबिटीसची भीती सगळ्यांना आहे, हार्टची आहे, आणि ती असायलाच पाहिजे, पण कंबरेने माणूस मरत नाही ना, मग तिच्यासाठी कुठल्या सरकारी योजनेचं पोस्टर लागणार?

गोव्याचं तर वेगळं सांगायला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या लोकांचं प्रमाण गोव्यात ११.२ टक्के होतं, मोठ्या राज्यांत केरळचं तेवढं याच्या वर, आणि आता ते वाढलेलंच असणार, पोरं बाहेर, आईवडील घरात असं चित्र गावागावात आहे. पण फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्न समजू नका. सत्तरी तालुक्यात काजूच्या सीझनला मार्च ते मे बायका सकाळपासून वाकून बोंडू वेचतात, पावसात लावणीला तेच, कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागायतीत, सुपारी वेचायला तेच. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे आहेत. माडावर चढणारा पाडेली आहे, ज्याची कंबर गेली की धंदाच गेला. मोटरसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा पायलट दिवसभर खड्ड्यातून गाडी हाणतो. कदंब बसचे ड्रायव्हर, खाणपट्ट्यातले टिपरवाले, वेर्णाच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आठ-आठ तास पॅकिंगला उभी राहणारी पोरं, कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत एकामागून एक खोल्यांतल्या गाद्या उचलून चादरी बदलणाऱ्या हाउसकीपिंगच्या मुली. आणि म्हापशाच्या, मडगावच्या मासळी मार्केटात पाटी डोक्यावरून उतरवून दिवसभर एवढ्याशा पाटावर बसणाऱ्या बायका, त्यांच्या कंबरेचं काय होत असेल याचा विचार बाजारात घासाघीस करताना आपल्या डोक्यात कधी येतो का. लॅपटॉपवाले सगळ्यात शेवटी लिहितोय मुद्दाम, कारण मान-कंबर म्हटलं की पेपरात फोटो नेहमी त्यांचाच येतो.

आता मुख्य मुद्दा. कंबर दुखते तेव्हा आत नेमकं काय झालंय हे बहुतेक वेळा कुणालाच बोट ठेवून दाखवता येत नाही. बहुतेक पेशंटमध्ये कॅन्सर, इन्फेक्शन, मोडलेला मणका असलं काही नसतं, स्नायू, सांधे, नसा, झोप, टेन्शन, कामाचा ताण असं सगळं मिळून ते दुखणं तयार झालेलं असतं. पण आपल्याकडे कारण पाहिजे असतं, आणि कारण छापून देणारं मशीन म्हणजे एमआरआय. रिपोर्टमध्ये येतं, डिस्क बल्ज म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, डिजनरेशन म्हणजे झीज, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं झालेलं असतं मणक्यात गॅप, गादी सरकली, नस दबली, आणि मग सगळ्या गल्लीला माहीत की ह्याची कंबर आता संपली.

२०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ज्यात कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये डिस्कची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये दिसली. डिस्क बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. परत सांगतो, ही सगळी न दुखणारी माणसं होती. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये झीज दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे, ती आहे म्हणून दुखतंय असं त्यावरून ठरत नाही. आणि खरोखर बाहेर आलेली डिस्क, जिच्यामुळे सायटिका होते, पायात चमक जाते, तीसुद्धा बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांत आपली आपण आक्रसते. हे पेशंटला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं तर अर्धी भीती तिथेच उतरते, आणि या दुखण्यात भीती ही बारीकसारीक गोष्ट नाही, घाबरलेला माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून कडक होतो, कडक होतो म्हणून अजून दुखतं.

आडवं पडण्याचंही तेच. अजूनही घराघरात सांगतात, फळीवर झोप, हलू नको. १९८६ मध्ये अमेरिकेत बघितलं की दोन दिवस झोपवलेले आणि सात दिवस झोपवलेले पेशंट यात दोन दिवसवाल्यांची कामावरची रजा कमी झाली आणि बरं होण्यात सात दिवसवाले काही पुढे नव्हते. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या नगरपालिकेतल्या कामगारांवर बघितलं, तर ज्यांना फक्त झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवा म्हणून सांगितलं ते झोपवलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. इतकी वर्षं झाली या गोष्टींना, आणि आपल्याकडे अजून चिठ्ठीवर कम्प्लीट बेड रेस्ट लिहून मिळतं.

मानेचं बोलायचं तर ते व्हॉट्सअॅपवरचं चित्र सगळ्यांनी बघितलंय, मोबाईल बघायला मान ६० अंशात वाकवली की मानेवर २७ किलो वजन पडतं. ते २०१४ च्या एका कॉम्प्युटर मॉडेलमधून आलं, माणसांवर बघून नाही, आणि त्यात कुणाची मान दुखली की नाही हे मोजलेलंच नव्हतं. तरी त्या चित्रावर मानेचे पट्टे आणि पोश्चर बेल्ट विकले जातात. त्याच्या उलट, २००३ मध्ये फिनलंडमधल्या ऑफिसात काम करणाऱ्या, मान जुनी दुखणाऱ्या १८० बायकांवरचा अभ्यास आहे. त्यात मानेला आणि खांद्यांना ताकदीचा व्यायाम वर्षभर करणाऱ्यांचं दुखणं नुसतं स्ट्रेचिंग सांगितलेल्यांपेक्षा खूप जास्त कमी झालं. वर्षभर हा शब्द महत्त्वाचा आहे. कॉलर घालून मान वर्षभर जपली असती तर ती अजून अशक्त झाली असती.

इथे फिजिओथेरपीवाल्यांनाही दोन शब्द ऐकवायला पाहिजेत, कारण मी त्यांची बाजू घेतोय म्हणून त्यांचं सगळं बरोबर असं नाही. आपल्याकडे फिजिओला जाऊन आलो म्हणजे काय करून आलो, तर करंट लावून आलो. पंधरा मिनिटं आयएफटी किंवा टेन्स ही करंटची मशीनं, दहा मिनिटं अल्ट्रासाउंडच्या लहरी, मग कंबर ओढून धरणारं ट्रॅक्शन, मग शेक, आणि निघताना व्यायामाचा झेरॉक्स कागद हातात. दहा सेशनचं पॅकेज. पेशंट पूर्ण वेळ पडून राहतो आणि मशीन काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि कंबरेचा पट्टा हे रोजच्या उपचारात देऊ नका असं सांगितलं आहे, अफूजन्य गोळ्याही देऊ नका म्हटलं आहे. आणि काय द्या म्हटलंय, तर दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणं, व्यायामाचा कार्यक्रम, काही प्रकारचे हाताने करायचे उपचार, मनाचा भाग बघणारे उपचार. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्येच ट्रॅक्शनला, पट्ट्याला आणि या करंटच्या मशीनांना नको म्हणून सांगितलं होतं. शेक घेतला तर बरं वाटतं, कुणी घेऊ नका म्हणत नाही, पण तो घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही होतो, त्यासाठी माणसाने अर्धा दिवस मोडून बस पकडून जायची काय गरज.

मला हे लिहिताना त्यातली सोय जास्त दिसते. विचार करा, जर कंबरदुखीवर चालणारा उपचार एखादं कोटभर रुपयांचं मशीन असतं तर ते प्रत्येक तालुक्यात ठेवणं सरकारला जड गेलं असतं. पण तो उपचार म्हणजे एक शिकलेला माणूस, एक खोली, चार चटया, दोन-चार रबरी बँड आणि वेळ. यात महाग काहीच नाही. मग हे आरोग्य केंद्रात का नाही होऊ शकत, हा माझा सगळा प्रश्न आहे.

चांगला फिजिओ काय करतो हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वाड्यावर एक काकी आहेत, भाटात, म्हणजे बागायतीत, काम करतात, कंबर धरल्यापासून घागर उचलायची बंद झालेल्या. त्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा ती फिजिओची पोरगी, वयाने त्यांच्या नातीएवढी, तिने पहिली वीस मिनिटं हातच लावला नाही, नुसतं विचारलं.

"काकी, सगळ्यात जास्त कधी दुखतं?"

"सकाळी उठताना गे. आणि वाकले की."

"वाकायला भीती वाटते?"

"वाटणार नाही तर काय, मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलंय मला."

"मग आपण हळूहळू वाकायलाच शिकूया. आज इथपर्यंतच, गुडघ्यापर्यंत. दुखलं तर मला सांगा, पण थोडं दुखलं म्हणजे काही मोडलं असं समजायचं नाही हां काकी."

मग पाय उचलून बघितले, ताकद बघितली, बधिर कुठे वाटतं का, लघवीचा काही त्रास आहे का हे विचारलं, आणि मग तीन व्यायाम दिले, फक्त तीन. पाठीवर झोपून कंबर उचलणं, हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वरखाली करणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं. आणि रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जायचं. पुढच्या आठवड्यात आकडे वाढवले. महिन्याभराने हातात पाण्याची अर्धी बादली देऊन ती उचलायला लावली. यात कुठलं मशीन नव्हतं. पण हे कागदावर लिहून देता येत नाही, कुणाला किती आणि कधी वाढवायचं हे बघणारा माणूस लागतो, आणि आज कमी करूया पण बंद नको असं म्हणणाराही लागतो, कारण लोक व्यायाम सोडतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा जास्त दुखलं की.

मी याला जादू म्हणणार नाही. उपचारांच्या चाचण्या तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २०२१ चा आढावा आहे, जुन्या कंबरदुखीवर व्यायामाच्या २४९ चाचण्या एकत्र केलेल्या, त्यात काहीच न करणाऱ्या, नेहमीचे उपचार किंवा खोटे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत दुखणं शंभरातले साधारण १५ गुण कमी होतं असं निघालं. पंधरा. कुणाला हे थोडं वाटेल. पण ज्या दुखण्यामुळे रात्री कूस बदलता येत नाही त्यातले पंधरा गुण कमी होणं म्हणजे झोप लागणं असतं, कामावर जाता येणं असतं. शिवाय या उपचाराने ॲसिडिटी होत नाही, किडनीवर येत नाही, सवय लागत नाही. गोळ्यांचं बघा, ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये ताज्या मान-कंबरदुखीवर अफूजन्य गोळी आणि खोटी गोळी यांची तुलना केली तर सहा आठवड्यांनी दोन्हीत फरक नव्हता. तिथलाच २०२४ चा अभ्यास चालण्यावर आहे, ७०१ लोक, नुकतीच कंबरदुखीतून बरी झालेली. अर्ध्यांना फिजिओने प्रत्येकाच्या बेताने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला आणि समजावून सांगितलं, अर्ध्यांना काही नाही. ज्यांना काही नाही त्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत परत धरली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांत. चालायला पैसे पडत नाहीत, पण किती चालायचं आणि कसं वाढवायचं हे सांगायला पाच-सहा भेटी लागल्या, त्या भेटी म्हणजेच फिजिओथेरपी.

आता लोक म्हणतात, पण कंबरदुखी आपोआप बरी होते ना. हो, ताजी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत खूप कमी होते, म्हणूनच पहिल्या आठवड्यात एमआरआय काढणं फुकट आहे. पण बरी झालेल्यातल्या दहापैकी जवळपास सात जणांची वर्षाच्या आत परत येते. प्रश्न त्या परत येण्याचा आहे, आणि त्यात जे थोडे लोक कायमचे अडकतात त्यांचा आहे.

दुसरे म्हणतात योगा आहे ना, फुकट आहे, सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत वर्गही घेतात. घ्या की, योगा हा व्यायामच आहे आणि जुन्या कंबरदुखीला तो उपयोगी पडतो, याबद्दल माझा काही वाद नाही. पण ज्या माणसाच्या पायात मुंग्या आहेत, जो पुढे वाकला की चमक जाते, त्याला वीस जणांच्या वर्गात सरळ पश्चिमोत्तानासन करायला लावलं तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही. आधी तपासून, कमी करून, मग हवं तर त्याला योगाच्या वर्गात पाठवा. फिजिओ आणि योगशिक्षक एकाच केंद्रात असले तर हे किती सोपं होईल.

आणि तिसरी शंका डॉक्टर लोकांची असते, ती रास्त आहे, की फिजिओने थेट पेशंट बघितला आणि आत काही भयंकर असलं तर? म्हणून त्या खुणा सगळ्यांना पाठ पाहिजेत. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर झालं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, तर कुठलाच व्यायाम नाही, सरळ बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत, त्याच दिवशी. मोठा मार लागलाय, ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, आधी कॅन्सर झालेला आहे, तर आधी डॉक्टर. अशांना एमआरआयही लागतो, ऑपरेशनही लागू शकतं आणि ते वेळेत झालं पाहिजे. पण या खुणा ओळखायला फिजिओ शिकलेला असतो, साडेचार-पाच वर्षांचा कोर्स असतो तो, काही दोन महिन्यांचा मसाजचा क्लास नाही. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून लोक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओकडे जातात. इंग्लंडमध्ये आता फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच फिजिओ बसवतात, मान-कंबर-गुडघा असेल तर पेशंट आधी त्यालाच भेटतो. आपल्याकडे २०२१ मध्ये संसदेने या सगळ्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, फिजिओथेरपी त्यात आहे. पण कायदा झाल्यापासून पेपरात जास्त चर्चा कसली, तर फिजिओने नावापुढे डॉक्टर लावावं की लावू नये. लावा नाहीतर लावू नका, तो आमच्या गावात येऊन बसणार आहे का ते सांगा.

पैशाचं बोलू. आपली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्यापेक्षा मोठ्या कुटुंबाला ४ लाखांचं संरक्षण ठेवलं, अनेक घरं तिच्यामुळे वाचली हे खरं आहे. पण तिचा पाया ठरलेल्या प्रोसिजर आणि हॉस्पिटलात भरती होणं हा आहे. खासगी मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच, चोवीस तास ॲडमिट झालात तर पैसे, ओपीडीत फिजिओकडे बारा वेळा गेलात तर तुमचं तुम्ही बघा. याचा अर्थ काय होतो बघा, मणक्याचं ऑपरेशन केलं तर लाखाचं बिल कुणीतरी भरतं आणि ते ऑपरेशन टाळू शकणारा उपचार घेतला तर खिशातून जातं. समजा एका सेशनचे ५०० रुपये धरले आणि बारा सेशन धरली तर ६,००० झाले, त्यात जाण्यायेण्याचं भाडं आणि प्रत्येक वेळी बुडलेला अर्धा रोज. वाळपईहून बांबोळी ४०-५० किलोमीटर, काणकोणहून मडगावही जवळ नाही, आणि सांगे तालुक्यातल्या आतल्या गावांतून निघणाऱ्याला तर आधी बस मिळाली पाहिजे. कंबर दुखणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा बसमध्ये उभं राहून तिकडे पाठवायचं आणि मग तो चौथ्या सेशनला आला नाही की पेशंट को-ऑपरेट करत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेला पाहिजे, रोज शक्य नसेल तर आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, दोन-तीन केंद्रांत मिळून एक चालेल. पण ठरलेला आणि बाहेर बोर्डावर लिहिलेला, कारण कुठे फिजिओ बसतो आणि कधी बसतो हे गावात विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येत नाही, जिथे सोय आहे तिथेही. वेळ सकाळची एकटी नको. सकाळी नऊ ते एक ही वेळ रिटायर माणसाला ठीक आहे, पण मासे विकणारीला, पायलटला, वेर्णाच्या शिफ्टवाल्याला ती वेळ म्हणजे दरवाजा बंदच. आठवड्यातून दोन संध्याकाळी पाच ते आठ ठेवा, बघा किती गर्दी होते. चिठ्ठीची अट काढा, केस पेपर काढला की थेट फिजिओसमोर.

आणि गटात शिकवा. पहिली तपासणी एकेकट्याची, ती तशीच झाली पाहिजे, पण नंतरचा व्यायाम दहा-बारा जणांना एकत्र घेता येतो. एकेक पेशंट अर्धा-अर्धा तास बघत बसला तर एक फिजिओ तासाला दोघांना पुरतो, गटात डझनभर लोक होतात, आणि आपल्याकडे लोक एकत्र आले तर टिकतातही जास्त. भजनाला, नाटकाच्या तालमीला, शिगम्याच्या सरावाला आपली माणसं दिवसभर राबूनसुद्धा रात्री जमतात ना, मग सहा-आठ आठवडे कंबरेसाठी जमणार नाहीत असं मला वाटत नाही. जागा आहेत. पंचायतीचे हॉल आहेत, देवळांचे सभामंडप आहेत, चर्चचे हॉल आहेत, शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात.

बायकांसाठी वेगळा गट ठेवावा असंही मी म्हणेन, निदान सुरुवातीला. पुरुषांसमोर जमिनीवर झोपून कंबर उचलायला आमच्याकडच्या बायका लाजतात, आणि त्यांचं दुखणं तसंही घरात कुणी मोजत नाही, सगळ्यांचं जेवण झाल्यावर, भांडी झाल्यावर त्या कंबरेला हात लावून उभ्या राहतात आणि कुणी विचारलं तर काही नाही म्हणतात. बाळंतपणानंतरची कंबरदुखी तर रीतसर दुखणं म्हणून धरतच नाहीत, होतंच म्हणतात. आशा वर्कर, अंगणवाडीच्या ताई यांच्यामार्फत हा निरोप गेला तर त्या येतील, नुसत्या पोस्टरवरून येणार नाहीत.

मोठ्या हॉटेलांना आणि कारखान्यांनाही यात पैसे घालायला लावा. ज्यांच्याकडे गाद्या आणि खोके उचलून माणसांच्या कंबरा जातात त्यांनी कामाच्या वेळेत वीस मिनिटं द्यावीत, फिजिओ बोलवावा, उचलायची ट्रॉली द्यावी, हे काही उपकार नाहीत. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना तर आज कंबर दुखते म्हणायचीही चोरी, उद्या दुसरा माणूस उभा असतो.

हे कोण करणार, तर मागितल्याशिवाय कुणी करणार नाही. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार ग्रामसभा रविवारी होतात, तिथे रस्ता, गटार, कचरा, बिल्डरचे प्रोजेक्ट यावर तासन् तास भांडण होतं आणि व्हायलाही पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा, आमच्या आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट पाहिजे म्हणून, आणि तो आरोग्य संचालनालयाला आणि आमदाराला पाठवायला लावा. ठरावात नुसतं सोय करावी असं मोघम लिहू नका. आठवड्यातले कुठले वार, संध्याकाळी किती ते किती, चिठ्ठी लागणार नाही, गटाचा वर्ग कुठल्या हॉलमध्ये, आणि त्या हॉलची चावी कुणाकडे असणार, हे सगळं त्यात लिहून घ्या, आणि पुढच्या तीन महिन्यांनी येणाऱ्या सभेत सेक्रेटरीला त्याचं उत्तर काय आलं ते वाचायला सांगा.